मदत हवी आहे : मुंबई–टोकियो विमानप्रवास नेमका किती तासांचा धरावा?

धागाकर्ता : आईचे टोकियोचे तिकीट काढले आहे. मुंबईहून रात्री 8 ला प्रस्थान आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 7:30 ला आगमन, म्हणजे साडेअकरा तास. परतीचे विमान संध्याकाळी 5 ला निघून रात्री 11:30 ला मुंबईत उतरते, म्हणजे साडेसहाच तास! विमान कंपनीला दोनदा फोन केला, पण ‘तिकिटावर लिहिले आहे’ यापलीकडे उत्तर नाही. कृपया आज रात्रीपर्यंत नेमके तास सांगा.

निळावंती : विमानतळ नरिता की हानेदा? विमान थेट आहे का? महिना कोणता?

धागाकर्ता : नरिता, थेट, जानेवारी. याने काय फरक पडतो?

उत्तररात्र : तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असतात आणि जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. जाताना तेवढे वजा करा, आठ तास होतील. येताना मिळवा, दहा होतील.

धागाकर्ता : तरीही दोन तासांचा फरक उरतोच.

पश्चिमवारा : म्हणूनच महिना विचारला होता. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात जपानवर अतिशय जोरदार असतो, कधी ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो. जाताना तो पाठीशी असतो, येताना समोरून येतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजल्यास अंतर सुमारे 6,800 किलोमीटर भरते, परंतु तो दोरा भूतानवरून तिबेटच्या पठाराच्या कडेने जातो. विमानातील हवेचा दाब गेल्यास तातडीने सुमारे 10,000 फुटांपर्यंत खाली यावे लागते आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे, त्यामुळे विमाने सहसा दक्षिणेकडून वळसा घेतात.

सोबती : माझे ऐका, बँकॉकमार्गे न्या. माझ्या वडिलांना मध्ये पाय मोकळे करता आले, म्हणून त्रास झाला नाही.

निळावंती : त्या मार्गाने अंतर सुमारे 7,650 किलोमीटर होते, शिवाय थांब्याचे तास वेगळे. वयस्कर व्यक्तीला अनोळखी विमानतळावर एकटीने विमान बदलायला लावणे मला पटत नाही.

सोबती : व्हीलचेअरची सोय आधी सांगून ठेवता येते. एकाच जागी दहा तास बसणे अधिक वाईट.

टोकियोवासी : नरिता शहरापासून सुमारे 60 किलोमीटरवर आहे. न्यायला कोण येणार आहे? हानेदा कितीतरी जवळ पडले असते.

धागाकर्ता : तिकीट काढून झाले आहे, आणि बहीण न्यायला येणार आहे. मला फक्त तास हवे आहेत. आई रोज रात्री 9 ला इन्सुलिन घेते आणि उद्या सकाळी डॉक्टरांना हिशेब दाखवायचा आहे.

उत्तररात्र : हे आधी सांगायला हवे होते. मग उड्डाणाच्या तासांपेक्षा दोन इंजेक्शनांमधले तास महत्त्वाचे आहेत. निघाल्यावर तासाभराने, भारतीय 9 वाजता, ती पहिले घेईल. दुसरे जपानच्या 9 ला घेतले तर मधले अंतर 24 ऐवजी साडेवीस तासांचे होईल. परतताना याच्या उलट, साडेसत्तावीस तास. हेच दोन आकडे डॉक्टरांना दाखवा आणि मात्रा त्यांनाच ठरवू द्या.

पश्चिमवारा : इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, कारण सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठीही सोबत असू द्या.

धागाकर्ता : साडेवीस आणि साडेसत्तावीस, लिहून घेतले. मी भलताच आकडा शोधत होतो. मनापासून आभार.