होंडा सिटी व्हीटेक: वरच्या आरपीएमला जोर गायब

रत्नागिरीकर: जुनी सिटी, 1.5 व्हीटेक (इंजिन जोरात फिरताना व्हॉल्व्ह जास्त उघडून ताकद वाढवणारी यंत्रणा). हातखंब्याच्या चढावर ताणली तरी नेहमीचा झपाटा येत नाही. हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडावं लागेल का?

उत्तर १: अजिबात उघडू नका! आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा. ऑइलच्या दाबानेच पिन सरकून रॉकर आर्म (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) एकमेकांत अडकतात. ऑइल कमी, तर व्हीटेक लागणारच नाही. मग हेडवरचा सोलेनॉइड (त्या ऑइलची वाट उघडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) 10 च्या पान्याने काढा. त्याच्या गॅस्केटच्या (सांधा बंद करणाऱ्या सीलच्या) जाळीत काळा गाळ साचतो. गॅस्केट नवीच टाका, बोल्ट 12 न्यूटन-मीटरलाच आवळा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे जास्त आवळल्यास लगेच जातात.

उत्तर २: सोलेनॉइडचा वायरिंग कनेक्टरही बघा. खाऱ्या हवेने पिनेवर हिरवा थर चढतो. सोलेनॉइडची पिन ते बॉडी 14 ते 30 ओहम यायला हवेत. आणि चाचणी इंजिन नीट तापल्यावरच घ्या, थंड असताना ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) व्हीटेक लावतच नाही.