साहित्यात समाज दिसतो म्हणजे नक्की कोणाचा?

परभणीकर_पुण्यात: एमए मराठीला आहे, पहिलं वर्ष. साहित्य समाजाचा आरसा हे वाक्य शाळेपासून लिहितेय पण खरंच जुनं पुस्तक वाचून तेव्हाचं पुणं कळतं का की फक्त लिहिणाऱ्याचा वाडा कळतो? गाईडमधलं उत्तर नको प्लीज.

कट्टेकरी: कळतं की! हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो' वाच. त्यांनी १८९० ला 'करमणूक' साप्ताहिक काढलं, त्यात ही हप्त्याहप्त्याने आली. यमू स्वतःच सगळं सांगते, माहेर, सासर, नवरा तिला शिकवतो ते, आणि तो गेल्यावर बळजबरीने केशवपन. आता बघ, विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे कागदावर कधीच परवानगी होती, पण माजघरात कोण कोणाला काय टोमणे मारायचं, पोरीला गप्प कसं बसवायचे हे कायद्यात थोडीच सापडणार.

गंजपेठ_जुना: कादंबरी भारीच आहे, वाद नाही. पण ते माजघर ब्राह्मणी घरातलं, अख्खं पुणं नव्हे. १८८५ च्या ग्रंथकार सभेचं रानड्यांचं आमंत्रण महात्मा फुल्यांनी नाकारलं, आणि कारण साधारण हेच, की तुमच्या पुस्तकांत आमच्या लोकांचं दुखणं येत नाही. रागाने लिहिलेलं पत्र आहे, जरूर वाच. आणि ताराबाई शिंदे! बुलढाण्याच्या, 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ ला छापलं पुण्यातच. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली आणि पेपरवाले सरसकट बायकांनाच नावं ठेवायला लागले, त्यावर बाई अशी तुटून पडली की आजही वाचताना पुरुषाला खुर्चीत नीट बसवत नाही (मला तरी नाही).

परभणीकर_पुण्यात: हे आमच्या सिलॅबसमध्ये का नाही?? म्हणजे एकाच पुस्तकावरून ठरवायचंच नाही तर.

कट्टेकरी: @गंजपेठ_जुना बरोबर, पण मग यमूची गोष्ट खोटी होत नाही ना.

गंजपेठ_जुना: खोटी कोण म्हणतंय? अपुरी म्हणतोय.

होस्टेल_रूम_७: भांडू नका. बाहेरून आलेल्याचं पुणं हवं असेल तर नेमाड्यांची 'कोसला', १९६३. खानदेशातला पांडुरंग सांगवीकर इथे कॉलेजात येतो, मेस, होस्टेल, पैसे उडवणं, बापाशी न पटणं. पेठेतल्या माणसाने हे लिहिलंच नसतं. परभणीकर तुला तर ते जास्त लागेल. अप्पा बळवंत चौकात जा, आणि आधी ताराबाई घे, छोटंसं आहे, एका बैठकीत होतं.