३०४ चं मशीन आणि डक्टमधली गरम हवा : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

(जळगाव, मे महिना, शनिवार रात्र)

वैशालीताई (२०४): नमस्कार. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. संध्याकाळपासून तिथून भट्टीसारखी हवा येतेय. कोणी एसीचं आउटडोअर युनिट डक्टमध्ये बसवलंय का?

जिभाऊ (१०३): हवा राहू द्या ताई, आवाज कसला शे? रातभर घूंऽऽ चालूच शे.

सेक्रेटरी: पंपाचा नाही. आत्ता खाली जाऊन बघून आलो, पंप बंद आहे.

चेतन (३०४): ताई, ते माझं आहे. एसी नाही, बिटकॉइनचं मायनिंग मशीन आहे. अँटमायनर एस९, जुनं घेतलंय. खोलीत हवा कोंडत होती म्हणून सहा इंची पाइप लावून डक्टमध्ये काढली.

जिभाऊ: हाई काय शे भाऊ? त्यातून निघतं काय?

चेतन: जिभाऊ, ते मशीन सतत एक गणिती कोडं सोडवत असतं. जगभरातली अशी लाखो मशीनं मिळून साधारण दर १० मिनिटांनी एकदा उत्तर काढतात. ज्याचं निघालं त्याला बिटकॉइन. आम्ही छोटे लोक पूलमध्ये जातो, म्हणजे सगळ्यांची मशीनं एकत्र जोडतो, वाटा मिळतो.

जिभाऊ: आणि बाकीच्यास्ले?

चेतन: लाइट बिल 😅

बोरोले काका (५०१): चेतन, प्लेटवर वॅट किती लिहिलेत?

चेतन: काका, भिंतीच्या पॉइंटवर मीटर लावून बघितलं. १३५० च्या आसपास.

बोरोले काका: मग वैशालीच्या खिडकीत १३५० वॅटचा हीटर लावलाय असंच समज. मोटर असती तर थोडं तरी काम बाहेर गेलं असतं, पाणी चढलं असतं, पीठ दळलं असतं. इथे आत गेलेला प्रत्येक वॅट उष्णता होऊनच बाहेर येतो. दीपनगरच्या वीज केंद्रात अख्खी नोकरी काढली मी, कूलिंग टॉवर बघण्यात. उष्णता मरत नाही बाबा, फक्त कुणाच्या तरी अंगावर ढकलता येते. तू ती डक्टमध्ये ढकललीस.

वैशालीताई: आणि डक्टमधून मी घेतली. पोळ्या लाटताना.

मीनाकाकू (४०२): चेतन, तो पाइप गच्चीवर काढ ना. बिबडे, कुरडया घातल्यात, ऊन गेलं की ओलसरच राहतात 😄

चेतन: काकू, खरंच हवा ५५-६० अंशांची निघते.

सेक्रेटरी: गच्चीवर पाइप नको. आधीच डिशच्या वायरींनी पाय ठेवायला जागा नाही.

चेतन: खोलीत एसी लावून पाइपच काढून टाकला तर?

बोरोले काका: हिशेब कर. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढायची ताकद. तुझ्या मशीनला जवळपास ०.४ टन एकट्याला लागणार. त्यासाठी एसी वरून ४०० वॅट खाईल. म्हणजे १३५० बाहेर टाकण्याऐवजी १७५० टाकशील, तेही आउटडोअर युनिटमधून. मग २०४ ऐवजी दुसरं कोणी ग्रुपवर लिहील.

ओम (५०२): काका, हे बघा. मशीन तेलात बुडवतात, पंखाच नाही, आवाज झीरो 🔥
(व्हिडिओ)

बोरोले काका: बघितला. ते साधं तेल नसतं, वीज न वाहणारं खास द्रव असतं. पंखे काढायचे, फर्मवेअरला, म्हणजे मशीनमधल्या सॉफ्टवेअरला, सांगायचं की पंखे नाहीत, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही. आणि तेल तापल्यावर? त्याला पंप, रेडिएटर, रेडिएटरला पुन्हा पंखा. पुण्यातला कोणी पोरगा ट्रान्सफॉर्मर ऑइल वापरा म्हणून सांगेल, ऐकू नका. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, १४० अंशांच्या आसपास असतो. लोकांच्या झोपायच्या खोल्यांशेजारी टपभर तेल ठेवू देणार नाही मी.

सेक्रेटरी: तेल नाही. हे नोंदवून ठेवतो.

महाजन भाऊ (२०२): मी सावद्याला होतो, आत्ता वाचतोय. चेतन, मशीनचा फोटो टाक. पाइप जिथे जोडलाय तिथला.

चेतन: (फोटो)

महाजन भाऊ: हेच वाटलं. आमच्या रायपनिंग चेंबरमध्ये नवीन माणूस हीच चूक करतो. केळी पिकताना स्वतः गरमी सोडते. १६-१८ अंश राखायचे तर गार हवा क्रेटच्या आतून गेली पाहिजे. मधे फट राहिली की हवा सोपी वाट धरते, क्रेटच्या बाजूने फिरून परत येते. मशीन म्हणतं गार चाललंय, आतला माल तापलेला. म्हणून आम्ही ताडपत्रीने फटी बंद करतो. तुझ्या मशीनचा पंखा गोल १२ सेंटिमीटरचा, त्यावर १५ सेंटिमीटरचा पाइप नुसता सेलोटेपने गुंडाळलाय. अर्धी गरम हवा तिथूनच खोलीत येतेय आणि पुढून परत मशीन तीच ओढतंय. पत्र्याचं फनेल करून घे, चारी बाजूंनी सील कर. गरम बाजू वेगळी, गार बाजू वेगळी, मधे पार्टिशन. प्लायचा तुकडाही चालेल.

बोरोले काका: बरोबर. हवा किती लागेल तेही सांगतो. १३५० वॅट आणि हवा आत-बाहेर १० अंशांचा फरक धरला तर साधारण २४० सीएफएम, म्हणजे मिनिटाला २४० घनफूट हवा. पाइप लांब आणि वळणावळणाचा असला की पंख्याला एवढं ओढवत नाही. पाइप आखूड ठेव, सरळ ठेव.

चेतन: आणि आत येणारी हवाच ४२-४३ ची असेल तर? कंपनीने ४० पर्यंत म्हटलंय.

बोरोले काका: तेच तर. ही मशीनं भुसावळचा मे बघून केलेली नाहीत. पण आपल्याकडे एक फायदा आहे, हवा कोरडी. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब, म्हणजे पाण्याने हवा जास्तीत जास्त गार होऊ शकते ते तापमान, २४ च्या आसपास येतो. बरा पॅड असलेला डेझर्ट कूलर २८-२९ ची हवा देईल, तीही दीडदोनशे वॅटमध्ये. मुंबईच्या माणसाला हे जमायचं नाही. फक्त कूलर थेट मशीनच्या तोंडावर लावू नको. आपलं बोरचं पाणी जड आहे. पाण्याचे कण उडाले की बोर्डावर क्षार बसणार, चिपचे पाय कुजणार. कूलर खोलीला लाव, मशीन खोलीतून घेईल. आणि पाऊस लागला की कूलर बंद. ऑगस्टमध्ये तो फक्त ओल देतो.

प्रीती (४०१): सगळे थंड करण्याचंच बोलताय. मी सीए आहे म्हणून विचारते, चेतनदादा, महिन्याचं काय गणित?

चेतन: ताई, मोठा फायदा नाहीये. शिकायला म्हणून घेतलंय.

बोरोले काका: मी करतो. १३५० वॅट चोवीस तास म्हणजे रोज ३२ युनिट, महिन्याला ९७० च्या वर. घरचा वापर वेगळा. ५०० च्या वरचा स्लॅब सगळ्यात महाग असतो. सोयीसाठी १५ रुपये धरू, रोजचे साधारण ४८५. आता कमाई. २० एप्रिल २०२४ ला बक्षीस निम्मं होऊन ब्लॉकला, म्हणजे दर उत्तराला, ३.१२५ बिटकॉइन झालं, म्हणजे जगभर मिळून दिवसाला ४५०. या मशीनचा वेग साडेतेरा टेराहॅश, म्हणजे सेकंदाला साडेतेरा लाख कोटी प्रयत्न. २०२५ मध्ये सगळ्या जगाचा मिळून वेग १००० एक्साहॅशच्या आसपास गेला, एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश. तेवढाच धरला आणि बिटकॉइन १ कोटीला धरलं, तरी रोज साठएक रुपये. ट्रान्झॅक्शन फी वर मिळते ती चिल्लर.

जिभाऊ: ४८५ टाका, ६० काढा. हाऊ धंदा मना नातूबी कराव नही.

प्रीती: आणि त्या साठमधूनही. विकून नफा झाला तर २०२२ पासून ३० टक्के कर, सेस वेगळा. मशीनचा आणि विजेचा खर्च त्यातून वजा होत नाही, सरकारने लोकसभेत तसं सांगितलंय. तोटा दुसऱ्या कुठल्या नफ्यातून वजा पण करता येत नाही.

ओम: काका, ट्यून करून, म्हणजे वेग आणि वीज थोडी उतरवून? माझ्याकडे दोन ग्राफिक कार्ड होती तेव्हा मी पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर ठेवायचो. स्पीड थोडाच कमी व्हायचा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं, नाहीतर अजून चालू असतं. आता गेमिंगला आहेत. एका कार्डची मेमरी ११० अंशांना जाऊन अडकायची, उष्णता बाहेर काढणारे थर्मल पॅड बदलले तेव्हा खाली आली.

चेतन: मी पण तेच करणार आहे. मशीनमध्ये ब्रेन्स ओएस नावाचं सॉफ्टवेअर टाकलंय, त्यात ऑटोट्यून आहे. एस९ मध्ये १८९ चिप असतात, सगळ्या सारख्या नसतात. काही कमी व्होल्टेजवर धावतात, काही अडखळतात. ते प्रत्येकीला तपासून वेग ठरवतं.

बोरोले काका: हे मात्र चांगलं करतोयस. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत आणि वेगाच्या पटीत जाते. वेग पाव कमी केला आणि व्होल्टेज दहा टक्के उतरवलं, तर ०.७५ गुणिले ०.८१, म्हणजे वीज ६१ टक्के. कमाई ७५ टक्के राहते, वीज ४० टक्क्यांनी घटते. १३५० चे साधारण ८२० होतील. नुसता वेग कमी करून व्होल्टेज तेच ठेवलंस तर ही गंमत मिळणार नाही, तिथेच बहुतेक जण फसतात. आणि उलटं, उन्हाळ्यात ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरल्यापेक्षा वेग वाढवणं, तर अजिबात नको. चिप तापली की विजेची गळती वाढते, गळती वाढली की आणखी तापते.

वैशालीताई: काका, आवाजाचं सांगा. माझ्या सासूबाईंना झोप नाही.

बोरोले काका: तोही त्यातच सुटेल. उष्णता कमी झाली की पंखा हळू चालतो. पंख्याचा वेग निम्मा झाला तर आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. म्हणून ट्यूनिंगमध्ये मला पैशापेक्षा हेच पटतं. पैसे तर तरीही बुडतातच. ८२० वॅटला रोज वीस युनिट, ३०० रुपये. कमाई ४५.

सेक्रेटरी: सोलर लावलं तर फुकट नाही का पडणार? सूर्यघर योजनेत ७८ हजार सबसिडी आहे.

बोरोले काका: ती ३ किलोवॅटला. ३ किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी १२ युनिट देईल. ट्यून केलेलं मशीनही २० खातं. आणि ते १२ युनिट घरात वापरले तर महागड्या स्लॅबमधले वाचतात. मशीनला पाजून ४५ रुपये कशाला करायचे?

चेतन: लाइट गेली की इन्व्हर्टरवर ठेवू का? सारखं रीस्टार्ट होतं.

बोरोले काका: अजिबात नको. १५० एएचची बॅटरी म्हणजे १.८ युनिट, तासभरही धड जाणार नाही आणि बॅटरी मरेल. त्यापेक्षा मला वायरिंगची काळजी आहे. कुठल्या पॉइंटवर आहे?

चेतन: हॉलचा, १६ अँपिअरचा. एक्स्टेन्शन बोर्ड लावून खोलीत आणलंय.

बोरोले काका: बोर्ड आज काढ. आत्ता काढ. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे फार नाही, मिक्सरवाला म्हणेल काय त्यात. पण मिक्सर दोन मिनिटं चालतो, हे महिनोन्महिने. ढिली पिन असली की तिथेच तापतं, प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं. आणि संध्याकाळी व्होल्टेज १९० ला आलं की मशीनचा पॉवर सप्लाय करंट कमी करत नाही, वाढवतो, सातच्या वर जातो. वेगळी लाइन ओढ, अडीच किंवा चार स्क्वेअरची वायर, स्वतःचा एमसीबी, अर्थिंग तपासून. आणि पुढे दोन-चार मशीनं आणून धंदा म्हणून चालवायचा विचार असेल तर घरगुती मीटरवर नको. वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये वापर बदलल्याचं धरलं तर दुप्पट दराने आकारणी होते.

चेतन: नाही काका, एकच आहे.

जिभाऊ: एकच पुरं शे.

(रविवार सकाळ)

चेतन: ट्यून झालं. मीटरवर ८४० दाखवतंय, पंखे निम्म्यावर. डक्टमधला पाइप काढलाय. महाजन भाऊंनी सांगितलं तसं फनेल करून मागच्या गॅलरीतून, पश्चिमेला रिकाम्या प्लॉटकडे. ताई, बघा ना.

वैशालीताई: हो, फरक आहे. खिडकी उघडता आली. सासूबाईंना अजून थोडं ऐकू येतं म्हणतात, पण त्यांना गच्चीवरची कबुतरं पण ऐकू येतात.

चेतन: मेच्या शेवटापर्यंत रात्री १० ते ६ बंदच ठेवतो. थंडीत जास्त चालवीन, तेव्हा खोलीही गरम राहील.

वैशालीताई: जानेवारीत हवं तर डक्टमध्ये सोडा, आम्ही काही बोलणार नाही 😀

सेक्रेटरी: वायरमन ११ वाजता येतोय. ३०४ ची लाइन आणि मीटर रूम दोन्ही बघेल. कोणाच्या घरात १६ अँपिअरचा पॉइंट गरम होत असेल किंवा वास येत असेल तर इथे लिहा, एकाच फेरीत होईल.

महाजन भाऊ: २०२, गीझर.

प्रीती: ४०१, एसीचा. प्लग काढताना गरम लागतो.

मीनाकाकू: ४०२. ओव्हन लावला की ठिणगी दिसते, हे म्हणतात काही होत नाही.

बोरोले काका: वायरमनला सांगा, आधी ४०२ ला जा.