फायटर माशाची पिल्लं पाचव्या दिवसापासून मरतात, दोनदा झालं, काय चुकतंय?

राजारामपुरी_टँक
नमस्कार मंडळी, कोल्हापुरातूनच लिहितोय. फायटरची जोडी लावायचा हा माझा दुसरा प्रयत्न आणि दोन्ही वेळेला शेवट सारखाच झाला म्हणून विचारतोय. दीड फुटी टँक, पाणी सहा इंच, थर्माकोलच्या ग्लासचा अर्धा तुकडा तरंगत ठेवलेला, त्याच्याखाली नरानं एका रात्रीत फेसाचं घरटं केलं. मादीच्या अंगावर उभे पट्टे दिसल्यावर सोडली, दुसऱ्या दिवशी दुपारी अंडी झाली, मादी लगेच काढली. दीड दिवसात पिल्लं फुटली, शेपट्या खाली लोंबत होत्या आणि खाली पडलेलं प्रत्येक पिल्लू नर तोंडात धरून परत फेसात नेऊन लावत होता, मी रात्री एकपर्यंत नुसता बघत बसलो. तिसऱ्या दिवशी पिल्लं आडवी पोहायला लागली तसा नर काढला आणि उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून दिला. पाचव्या दिवसापासून तळाला पांढरी पडलेली पिल्लं दिसायला लागली, आठव्या दिवशी एकही नाही. शंभराच्या वर होती हो. हीटर 27 वर आहे, पाणी नळाचंच पण दोन दिवस साठवलेलं. आता परत जोडी लावायला हात धजावत नाही.

शिवाजी_पेठकर
भावा बलक बंद कर पहिला. इवल्याशा टँकमध्ये बलक काही तासात सडतो, अमोनिया चढतो आणि पिल्लं जातात. माझीपण एक आख्खी बॅच अशीच गेलेली.

कळंबा_ताई
तुमची अंडी, नर, घरटं सगळं बरोबर झालंय, अडलंय ते फक्त खाण्यावर. फुटल्यावर दोन-तीन दिवस पिल्लू पोटाला लागलेल्या योकवर, म्हणजे स्वतःच्या अंड्यातल्या बलकावर जगतं, त्याला काही द्यावं लागत नाही. आडवं पोहायला लागलं की तो साठा संपत आलेला असतो आणि त्याला हलणारं, जिवंत खाणं लागतं. बलकाचा कण हलत नाही म्हणून बरीच पिल्लं त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणजे एकीकडे उपाशी आणि दुसरीकडे घाण पाण्यात, असं दोन्हीकडून होतं.

मी जोडी सोडायच्या आठवडाभर आधी खाण्याची तयारी करते, उलटं कधीच करत नाही. मोठ्या बरणीत जुन्या टँकचं पाणी, त्यात कोबीचं एक पान, वर फडकं बांधून खिडकीत. दोन-तीन दिवस पाणी पांढरट होतं आणि वास मारतं, तेव्हा द्यायचं नाही, नंतर निवळायला लागलं की बरणी उजेडासमोर धरून बघा, बारीक धुळीसारखं काहीतरी हलताना दिसतं, तोच इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव. ड्रॉपरनं दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा द्या. दोन बरण्या दोन दिवसांच्या अंतरानं लावा म्हणजे एक संपताना दुसरी तयार असते.

तीन-चार दिवसांनी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांची अंडी घरी फोडायची) चालू करा. एक लिटर पाण्याला साधारण 25 ते 30 ग्रॅम खडे मीठ, हवेची नळी जोरात, पाणी 27-28 डिग्री, साधारण 24 तासांत फुटतात. टरफलं वर तरंगतात ती घेऊ नका, खालचे केशरी जीव गाळून गोड्या पाण्यात धुऊन मग द्या. खाल्लेल्या पिल्लाचं पोट केशरी दिसतं, ते बघितलं की जिवाला बरं वाटतं बघा.

आणि झाकण घट्ट आहे का? फायटर वरची हवा घेतो, पण हवा घ्यायचा तो अवयव पिल्लात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तयार होतो, त्या दिवसांत वरची हवा गार असली तर मोठी झालेली पिल्लंसुद्धा जातात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे किती गारठा असतो ते माहितीच आहे, काचेवर क्लिंग फिल्म ताणून लावा.

रंकाळा_काठ
एवढं कशाला, कुठल्यातरी तळ्यातनं बाटलीभर हिरवं पाणी आणा की, फुकटचा इन्फ्युसोरिया. मी दोनदा केलंय, चांगली जगली.

कळंबा_ताई
दादा तुमचं जमलं ते चांगलंच आहे पण मी हे कुणाला सुचवणार नाही. तळ्याच्या पाण्यातून हायड्रा (पिल्लं पकडून खाणारा बारीक जीव) आणि चतुराच्या अळ्या येतात, एक अळी रोज पिल्लं फस्त करत राहते आणि आपल्याला कळतही नाही. केंदाळाच्या मुळ्या आणल्या तर त्याहून जास्त. कोबीचं पान दोन रुपयांचं आहे.

शिवाजी_पेठकर
देशी बदामाचं वाळलेलं पान टाकतो मी टँकमध्ये, पाणी चहासारखं होतं, त्या पानावर पण बारीक जीव वाढतात आणि पिल्लं तिथंच टिपत बसतात. पडलेली, पूर्ण वाळलेली पानंच घ्या, रस्त्याकडेची धुरकट नकोत. फिल्टर लावायचा तर स्पंजचा आणि हवा एकदम कमी, बुडबुडे मोजता आले पाहिजेत. तळाची घाण एअरच्या नळीनं ओढून काढायची आणि तेवढंच, त्याच तापमानाचं पाणी थेंब थेंब सोडायचं.

अजून एक, बरण्यांचा विचार आत्ताच कर. अडीच-तीन महिन्यांत नर एकमेकांचे पंख फाडतात, शंभरातले पन्नास नर धरलेस तर पन्नास बरण्या, आणि प्रत्येकाचं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. जागा नसली तर अंडी झाल्यावर थोडीच ठेव.

राजारामपुरी_टँक
ताई, भावा, मनापासून आभार. झाकणाला एका बाजूला बोटभर फट होती, हीटरची वायर तिथूनच येते, आज तिथं स्पंज कोंबला. नर आणि मादी दोघांना वेगळं ठेवलंय, मादीची शेपटी फाटलेली आहे ती भरेपर्यंत तिला सोडत नाही. कोबीची पहिली बरणी आत्ताच गच्चीच्या खिडकीत ठेवून आलो, परवा दुसरी लावतो. बरण्या घरात वीसच आहेत, तेवढीच पिल्लं वाढवीन.