शब्दचर्चा : ‘मार्कर’, ‘प्रोग्रेशन’, ‘लीजन’ यांना काय म्हणावे?

सुरंगी, फोंडा :
महिला मंडळासाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक पानी पत्रक लिहिते आहे. अगदी सुरुवातीचे ‘लीजन’ पुढे वाढेल का, हे सांगणारे ‘प्रोटीन मार्कर’, एवढ्यावर अडले. कोश पाहून लिहिले : ‘प्रारंभिक व्रणांच्या प्रगतीचे भाकीत करणारी प्रथिन-चिन्हके’. सासूबाई म्हणाल्या, प्रगती होतेय तर बरेच की!

माड, म्हापसा :
सासूबाईंना शंभर गुण. प्रगती मुलाची होते, गावाची होते; आजार बळावतो नाहीतर ओसरतो. ‘व्रण’ही काढा, ताई. व्रण म्हणजे जखम किंवा तिचा वण. इथे बाईला बहुतेकदा काही जाणवतही नाही. ‘पेशींतला बदल’ म्हणा.

काचपट्टी, बांबोळी :
लॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते. आमच्यात कोणी चिन्हक-बिन्हक म्हणत नाही. ‘पी-सिक्स्टीन लावलास का?’ एवढेच. पण माझा खरा आक्षेप ‘भाकीत’वर आहे.

पी-१६ हे पेशीतलेच प्रथिन, एरवी पेशीच्या विभाजनाला लगाम घालणारे. एचपीव्ही या विषाणूचे (बहुतेक गर्भाशयमुख-कर्करोगांमागे हाच असतो) ई-७ नावाचे प्रथिन पेशीतल्या आरबी या पहारेकरी प्रथिनाला निकामी करते. आरबीचा दाब गेला की पी-१६ भरमसाट तयार होते, आणि आरबीच नसल्यामुळे त्याचा लगाम लागत नाही. तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याला रंग दिला की पी-१६ असलेला भाग तपकिरी दिसतो. म्हणजे तो रंग आज काय चालले आहे ते सांगतो, उद्याचे नाही. केआय-६७ हे विभाजन चालू असलेल्या पेशीत दिसणारे दुसरे प्रथिन (यातले ‘के आय’ म्हणजे जर्मनीतले कील शहर). निरोगी पेशीत ही दोन्ही सहसा एकत्र सापडत नाहीत. एकाच पेशीत तपकिरी पी-१६ आणि लाल केआय-६७ दिसले, की ताळतंत्र सुटल्याचा संशय बळावतो.

तरीही भविष्य नव्हेच. सर्वांत सौम्य बदलाला सीआयएन-१ म्हणतात. १९९३च्या एका गाजलेल्या आढाव्यानुसार त्यांतले सुमारे ६० टक्के आपोआप ओसरतात आणि १० टक्क्यांच्या आसपास सीआयएन-३पर्यंत, म्हणजे सर्वांत तीव्र बदलापर्यंत, जातात. पी-१६ दिसलेल्या सीआयएन-१मध्ये धोका थोडा जास्त धरतात, पण त्यांतलेही पुष्कळ ओसरतात. ‘भाकीत’ वाचून एखादी बाई उगाच हाय खाईल.

माड, म्हापसा :
मग ‘सूचक’?

देवचाराची पायरी, डिचोली :
सूचक म्हटले की आमच्याकडे लगेच ‘अनुमोदक कोण?’ विचारतील. देवस्थानच्या सभेची सवय! ‘निर्देशांक’ शेअरबाजाराचा. ‘दर्शक’ चालेल, पण व्याकरणाच्या तासाला बसल्यासारखे वाटते. साधे ‘खूण’ का नको? कोंकणीत ‘कुरू’ म्हणतात, तेच.

काचपट्टी, बांबोळी :
खूण आवडला. खूण दिसली म्हणजे गोष्ट घडलीच असे कोणी मानत नाही. लेखात ‘जैवसूचक’ ठेवा, पत्रकात खूण.

सुरंगी, फोंडा :
आणि प्रथिन की प्रोटीन? प्रथिन म्हटले की डाळ-अंडी, प्रोटीन म्हटले की जिममधल्या पोरांचा डबा.

माड, म्हापसा :
‘पेशीतली प्रथिने’ लिहा, डबा आपोआप बाजूला पडेल. गर्भाशयमुखाशेजारी कंसात ‘पिशवीचे तोंड’ही टाका, ग्रीवा नको.

सुरंगी, फोंडा :
बघा हे : ‘गर्भाशयमुखाच्या (पिशवीच्या तोंडाच्या) पेशींत झालेला बदल बळावेल की ओसरेल, याचा अंदाज घ्यायला पेशीतल्या काही प्रथिनांची खूण उपयोगी पडते.’

काचपट्टी, बांबोळी :
छान. फक्त ‘डॉक्टरांना अंदाज घ्यायला’ करा. नाहीतर रिपोर्ट हातात पडल्यावर बायका घरीच अंदाज बांधत बसतील आणि पुढची तपासणी राहून जाईल.