मदत हवी आहे: सोलापूरच्या मुरमावर स्टीलची हार्डटेल, वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी,

स्टीलची हार्डटेल एमटीबी (माउंटन बाइक, सस्पेन्शन फक्त पुढे) ज्यांनी स्वतः वापरली आहे, तिच्यासोबत निदान दोन-तीन पावसाळे काढले आहेत, त्यांनी शक्यतो लिहावं. यूट्यूबवरचे परदेशी व्हिडिओ बघून झाले. ती मंडळी ओल्या जंगलात, मऊ मातीवर चालवतात. आपल्याकडे मऊ काही नाही.

वय चाळिशीच्या पुढे, वजन ८४ किलो. सध्या अलॉयची (ॲल्युमिनियमची) २९ इंची हार्डटेल आहे, पुढे ८० मिमी दबणारा साधा स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा). रविवारी पहाटे विजापूर रोडने बाहेर पडायचं आणि संधी मिळेल तिथे डांबर सोडून पाणंदीला लागायचं. कधी होटगीच्या बाजूला, कधी हिप्परग्याच्या तलावापलीकडे. अधूनमधून तुळजापूर. आपला भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: कुठे मुरूम, कुठे काळी माती, आणि दोन्हीतून डोकं वर काढलेले दगड. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्या ओल्या पाणंदीत जे चर पाडतात ते नंतर वाळून असे घट्ट होतात की चाक एकदा आत गेलं की ट्रॉलीवाला जिकडे गेला तिकडेच आपणही जायचं.

दोन तास असं चालवलं की कंबर आणि मनगटं बोलायला लागतात. स्टील 'मऊ चालतं' असं जिथे तिथे वाचतोय. आता पुण्यातल्या एका ओळखीच्यांकडे क्रोमोलीची, म्हणजे क्रोम-मॉली स्टीलची, जुनी हार्डटेल निघाली आहे. ४१३० (क्रोमोलीचा ग्रेड) चं स्टिकर, ४४ मिमीची हेडट्यूब (फोर्क बसतो ती पुढची नळी), मागे १३५ मिमी रुंदीचा क्विक रिलीज हब, १२० मिमीचा एअर फोर्क. बॉटम ब्रॅकेटपाशी (पेडलचा आस बसतो तिथे) रंग थोडा फुगलाय आणि सीटपोस्ट 'जरा टाइट आहे' असं मालक म्हणतात. किंमत मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्यावरच घसरेल.

तर, मऊपणा खरा की नुसती हवा? गंजाचं काय? घाटात वजन जाणवतं का? आणि उद्या काही मोडलं तर सोलापुरात हात कोण लावणार? इथल्या एका दुकानात विचारलं, तर 'स्टीलची? मग दुधाचे कॅनपण लावून देऊ का?' असं उत्तर मिळालं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठकर

वाखू (वाचनखूण) साठवली. मलाही हेच विचारायचं होतं.

हवेतला_फ्री_व्हील

कार्बन घ्या, विषय संपवा.

जुळेसोलापूरकर

@हवेतला_फ्री_व्हील, घरचे माझाच विषय संपवतील.

चाकोरीबाह्य

धाराशिवकर. बरीच वर्षं क्रोमोलीची हार्डटेलच चालवतोय, येडशीच्या बाजूचे बालाघाटाचे उतार आणि घरापासून तुळजापूर.

आधी एक सांगा, टायरमध्ये हवा किती भरता? मग स्टीलचं बोलू.

जुळेसोलापूरकर

४५ पीएसआय. टायर २.१ चे, आत ट्यूब. सायकलवाल्याने सांगितलंय की तुमच्या वजनाला एवढी लागतेच. शिवाय सराट्यांची भीती.

चाकोरीबाह्य

मग कंबर बोलणारच हो, तिचा काय दोष.

सायकलची फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. ती स्टीलची असो, अलॉयची असो, उभ्या दिशेने दबते ती मिलिमीटरच्या हिशेबात. टायर दबतो तो सेंटिमीटरच्या हिशेबात. दगडावरून जाताना आधी टायर काम करतो, मग सीटपोस्ट आणि सीट, आणि फ्रेमची पाळी शेवटी येते. त्यामुळे ४५ पीएसआयवर तुम्हाला कोणतीही फ्रेम द्या, रडाल. तुमच्या वजनाला, ट्यूब असताना, २८-३० वर या. मागे पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त ठेवा. फार खाली जाऊ नका, नाहीतर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटून दोन भोकं पडतील.

आता स्टीलचं. खड्डा स्टीलने गिळला असं मला कधी वाटलं नाही. फरक पडला तो बारीक थरथरीत. मुरमाच्या रस्त्यावर अलॉयच्या सायकलवर तळपायाला ज्या मुंग्या यायच्या, त्या कमी झाल्या. पण त्याच सुमारास मी टायरही रुंद केले होते, तेव्हा सगळं श्रेय फ्रेमला देणार नाही. जे खात्रीने सांगू शकतो ते आडव्या लवचिकपणाबद्दल. तुम्ही म्हणता त्या वाळलेल्या चरातून तिरकं बाहेर निघताना अलॉयची मागची बाजू टणकन उडायची. ही जरा वळते, चाक जमिनीला धरून राहतं. सीटवरून उठून पेडल मारताना किंचित झोका मिळतो. काहींना हा झोका म्हणजे ताकद वाया गेल्यासारखं वाटतं. मला आवडतो.

वजनाचं एवढंच की क्रोमोलीची फ्रेम त्याच मापाच्या बऱ्या अलॉय फ्रेमपेक्षा पाऊण-एक किलोने जड पडते. तुम्ही ८४, सायकल १४, म्हणजे चढावर ओढायचे ९८ किलो. त्यात पाऊण किलो एक टक्कासुद्धा नाही. पाण्याची एक बाटली घरी ठेवली की हिशेब बरोबर, पण मे महिन्यात ती ठेवू नका. तुळजापूरच्या घाटात दमता ते गिअरमुळे. पुढची चकती लहान करा.

बाळीवेसवाला

मालक, फ्रेम-बिम राहू द्या, सराट्याचं बोला की! २८ वर आणताय खरं, पण टायरला सराटे लागले की लै बेकार. ट्यूबलेस केल्याशिवाय आपल्याकडं एमटीबी चालवायची न्हाई, असं माझं मत हाय. मी एकदा नान्नज रोडला डांबर सोडून पलीकडं गेलो अन् परत आल्यावर टायर बघितला, तर मधोमध सराट्यांची रांग. काढल तसं फुस्स, चाक फिरवलं की सीलंट (टायरात भरलेला चिकट द्रव) भोक बुजवतंय, परत पुढचा. वेड्या बाभळीचा काटा मात्र सरळ आत जातोय, त्याला कधीकधी प्लग लागतोय.

सीलंट आपल्या उन्हात लवकर वाळतंय. डब्यावर काय का लिहिलेलं असंना, उन्हाळ्यात दर दोन महिन्याला टायर हलवून आत पळीभर आवाज येतोय का बघा. आवाज न्हाई तर भरा. रिम ट्यूबलेसची हाय का ते आधी बघून घ्या म्हणजे झालं.

माळरान

नान्नजचं नाव निघालं म्हणून. रस्त्याने जायला हरकत नाही, पण माळढोक अभयारण्याच्या गवतात आडवाटेने सायकल घालू नका. माळढोक दिसो न दिसो, तिथे जमिनीवर अंडी घालणारे इतरही पक्षी आहेत, धाविक, टिटवी, चंडोल. टायरखाली काय आलं हे कळतसुद्धा नाही. अवांतराबद्दल क्षमस्व.

टिगवाला

अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशन हाच धंदा, सायकल हा नाद. दोन-तीन गैरसमज दिसतात म्हणून लिहितो.

स्टील म्हटलं की लोकांना एकच वाटतं. दुधाच्या कॅनची जी सायकल तुमच्या दुकानदाराच्या डोळ्यांसमोर आली, ती साध्या स्टीलची किंवा हाय-टेनची (स्वस्तातल्या हाय-टेन्साइल स्टीलची). ४१३० मध्ये लोखंडाबरोबर थोडं क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असतं. आकड्यातले शेवटचे ३० म्हणजे कार्बन ०.३० टक्क्याच्या आसपास. गंमत अशी की साधं स्टील आणि क्रोमोली यांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. वाढते ती ताकद. ताकद जास्त म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते, आणि पातळ भिंतीमुळे वजन कमी आणि लवचिकपणा जास्त. म्हणजे तुम्ही ज्याला मऊपणा म्हणता तो धातूचा कमी, नळीच्या जाडीचा आणि व्यासाचा जास्त. अलॉयचा मूळ ताठपणा स्टीलच्या एक तृतीयांश आहे, तरी अलॉयच्या फ्रेमा कडक लागतात, कारण नळ्या फुगीर केलेल्या असतात.

चांगल्या फ्रेमला 'बटेड' नळ्या असतात: जोडापाशी जाड, मधे पातळ. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने याचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं, तीच युक्ती आजही चालू आहे. टिचकी मारून बघा. नळीच्या टोकापाशी आवाज बद्द येतो आणि मधे खणखणीत होतो. चुंबकाने काही कळत नाही, तो हाय-टेनलाही चिकटतो. नुसती फ्रेम काट्यावर ठेवा. तुमच्या मापाला अडीच किलोच्या आसपास भरली तर स्टिकर खरं असायची शक्यता. साडेतीन भरली तर सोडून द्या.

मोडण्याबद्दल: क्रोमोलीला टिग वेल्डिंग होतं, पण सगळ्यांकडून नाही. नळी मधे मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, साध्या आर्क वेल्डिंगवाल्याकडे नेली तर तो भोक पाडून देईल. स्टेनलेसचं बारीक काम रोज करणारा माणूस शोधा, आपल्या एमआयडीसीत असे आहेत. अलॉय फ्रेमचं वेल्डिंग करता येतं, पण नंतर भट्टीत उष्णता द्यावी लागते, नाहीतर जोडाजवळचा धातू मऊच राहतो. ते सायकलसाठी कोण करणार? स्टीलचा खरा फायदा मला इथे वाटतो.

घ्यायच्या आधी हेडट्यूबच्या मागे, डाउनट्यूबच्या (तिथून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालच्या अंगाला बोट फिरवा. समोरून धडक बसली असेल तर तिथे बारीक लाट लागते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. तिथला रंग आडवा तडकलेला असेल तर नमस्कार करून परत या.

गुहागरी

गंजाबद्दल आम्ही बोलणार, तो आमचा घरचा विषय. खाऱ्या हवेत स्टीलची हार्डटेल सांभाळतोय, त्यामानाने सोलापूर म्हणजे स्वर्ग.

गंज बाहेरून दिसतो तो घाबरण्यासारखा नसतो. तो आतून खातो, आणि खातो तो बॉटम ब्रॅकेटपाशी, कारण पाणी सीटट्यूबच्या फटीतून शिरतं आणि उतरून तिथे साठतं. तुमच्या फोटोतला, म्हणजे वर्णनातला, फुगलेला रंग नेमका तिथेच आहे. म्हणून बॉटम ब्रॅकेट काढून आत टॉर्च मारल्याशिवाय पैसे देऊ नका. नुसती तांबूस भुकटी असेल आणि घासल्यावर खाली घट्ट धातू लागला, तर चालेल. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पापुद्रे निघाले तर नको. खाली पाणी निघायला बारीक भोक आहे का बघा आणि ते चिखलाने बुजू देऊ नका.

घरी आणल्यावर सगळे भाग काढून नळ्यांच्या आतून जवसाचं तेल फिरवा. जवसाची चटणी तुमच्याकडेच होते, तेलाचं महत्त्व मी काय सांगणार. पण खायचं कच्चं तेल नको, ते वाळायला फार दिवस घेतं. रंगाच्या दुकानात उकळलेलं मिळतं, ते वाळून आत पातळ पापुद्रा धरतं. फ्रेम उलटीसुलटी करून निथळू द्या. आणि तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. मोकळे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तुमच्याकडे पावसापेक्षा घामाचा त्रास होईल. वरच्या नळीवर आणि स्टेमच्या बोल्टवर ठिबकतो. आल्यावर ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

आता ती सीटपोस्ट. 'जरा टाइट' हे शब्द सायकल विकणाऱ्याच्या तोंडून आले की समजायचं, वर्षानुवर्षं हललेली नाही. स्टीलच्या नळीत अलॉयची पोस्ट, मधे घाम आणि पाणी, ग्रीस नाही: अलॉयचं पांढरं क्षार तयार होऊन ती आत धरून बसते. भेटायला जाल तेव्हा त्यांच्यासमोर हलवून बघा.

टिगवाला

गुहागरींना +१. एक भर घालतो. अडकलेली पोस्ट सोडवायला लोक ब्लो टॉर्च घेऊन धावतात. अलॉय तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे पोस्ट आणखी आवळते. गार करायची असते. फ्रेम उलटी टांगून बॉटम ब्रॅकेटच्या बाजूने भेदक तेल सोडा, एक रात्र जाऊ द्या. मग सरळ करून पोस्टच्या पोकळीत बर्फ भरा आणि पोस्ट पक्की धरून फ्रेम फिरवा. कास्टिक सोड्याने अलॉय विरघळतं आणि स्टील राहतं हे खरं आहे, पण हायड्रोजन निघतो, डोळे-हात भाजतात. घरी करू नका.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

कालच २९ पीएसआयवर होटगीकडे जाऊन आलो. मनगटांचं अजून आहे, ते बहुतेक फोर्कचं. कंबरेला मात्र स्पष्ट फरक वाटला. घरी विचारणा झाली की मग आता नवीन कशाला? प्रश्न रास्त आहे. पण १२० चा एअर फोर्क आणि ती फ्रेम डोक्यातून जात नाही.

पुढच्या शनिवारी पुण्याला चाललोय. वजनकाटा आणि टॉर्च बरोबर नेतोय. मालकांना फोन करून सांगितलं की बॉटम ब्रॅकेट उघडून बघणार आहे. जरा गप्प झाले, मग 'या' म्हणाले. मागचा १३५ चा हब पुढे त्रास देईल का?

चाकोरीबाह्य

नवीन सायकली बहुतेक १४८ वर गेल्यात, त्यामुळे १३५ ला भारी चाकांची निवड कमी होत चाललीय. साधे, चांगले हब अजून मिळतात. अडणार नाही. फोर्क बदलायची वेळ आली तरी ४४ ची हेडट्यूब आहे, आजचा टेपर्ड स्टिअररसुद्धा (फोर्कचा खाली रुंद होणारा दांडा) योग्य हेडसेट (त्याचे बेअरिंग) घालून बसतो. ती सरळ जुन्या मापाची असती तर मी नको म्हणालो असतो.

मनगटांसाठी फोर्कमध्ये तुमच्या वजनाप्रमाणे हवा भरून बघा. सायकलवर बसल्यावर १२० पैकी २५-३० मिमी दबला पाहिजे. आणि पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊ नका, कोणतीही फ्रेम असली तरी. चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन खालच्या नळ्यांमध्ये) माती अशी बसते की चाक फिरतच नाही, आणि तीच माती रंग खरवडते. सप्टेंबरात मुरमावरच राहा.

बाळीवेसवाला

अन् परत आल्यावर फोटो टाका मालक. फ्रेम साडेतीन किलो भरली तरी टाका.

गुहागरी

जाताय तर सीटपोस्टवर कोरलेला आकडाही बघून या. २७.२ असेल तर चांगलं, बारीक पोस्ट थोडी जास्त लवते, कंबरेला तेवढंच. ३०.९ असेल तर बारीक पोस्टसाठी शिम (मधे घालायची पातळ नळी) मिळते. पोस्ट निघाली तर, अर्थात.