प्रतिसाद: रूळच नाही, वरची तारही
"आपल्याकडे ४५ अंशांत गाड्या धावतात, मग इंग्लंडात तिशी ओलांडली की का रखडतात?" या प्रश्नावर वर रुळांचं उत्तर आलंय (उन्हात रूळ तापून लांबतात आणि वाकू शकतात), ते बरोबरच आहे. तिथे रूळ साधारण २७ अंशांना ताणरहित (ना ओढलेले, ना दाबलेले) राहतील असे बसवतात, आपल्याकडे हे तापमान बरंच जास्त धरतात. पण गाडीला वीज पुरवणाऱ्या वरच्या तारेचं कुणीच बोललं नाही. तांब्याची एक किलोमीटर तार २० अंशांनी तापली की जवळजवळ ३४ सेंटिमीटर लांबते. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट ते शेनफील्ड मार्गाचं विद्युतीकरण १९४९चं. तिथल्या जुन्या तारा दोन्ही टोकांना पक्क्या बांधलेल्या होत्या, त्यामुळे वाढलेली लांबी सरळ झोळ होऊन खाली यायची. अशा तारेत वेगातल्या गाडीचा पँटोग्राफ (छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) अडकला तर तो तार ओढून तोडतो, म्हणून उन्हात वेग कमी करावा लागे.

यावरचा उपाय आपल्याकडेही खांबांवर दिसतो: कप्पीवरून लोंबणारी वजनांची चळत. तार लांबली की वजनं खाली उतरतात आणि ताण तेवढाच राहतो. भर दुपारी नीट बघा, ती सकाळपेक्षा खाली असतात. शेनफील्ड मार्गावरही आता स्वयंचलित ताणाची यंत्रणा बसवली आहे. चालू मार्गावर, रात्रीच्या आणि सुट्टीच्या ब्लॉकमध्ये हे काम करायला कित्येक वर्षं लागली. त्या कामगारांचं खरंच कौतुक वाटतं.